उर्दू-मराठी टायपिंगसाठी स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट कसे बनवाल?

आपल्या शाळांत एकाच पानावर उर्दू आणि मराठी टाईप करायची वेळ रोज येते. प्रश्नपत्रिका, पालकांना नोटीस, दाखले. एकदा घाटक परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही उर्दूचे प्रश्न नुसते उजवीकडे सरकवले. छापून आले तर पूर्णविराम वाक्याच्या सुरुवातीला आणि कंस उलटे! पुन्हा झेरॉक्स काढावी लागली. चूक आमचीच होती. मजकूर उजवीकडे सरकवणं वेगळं आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करणं वेगळं.

यावर उपाय लिबर ऑफिस रायटरमध्ये आहे. हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

आधी स्टाईल बनवा

'उर्दू प्रश्न' आणि 'मराठी प्रश्न' अशा दोन पॅराग्राफ स्टाईल तयार करा. उर्दूच्या स्टाईलमध्ये नस्तालीक फॉन्ट निवडा आणि अलाइनमेंटच्या टॅबमध्ये दिशा राइट-टू-लेफ्ट ठेवा. मराठीची दिशा लेफ्ट-टू-राइट. उर्दू आणि देवनागरी, दोन्ही लिप्या रायटर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात धरतो. म्हणून फॉन्टही त्याच रकान्यात निवडायचा. वरच्या वेस्टर्न रकान्यात निवडला तर काहीच बदलत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात.

मग शॉर्टकट द्या

१. टूल्स, मग कस्टमाइझ, मग कीबोर्ड टॅब उघडा.
२. वर उजवीकडे 'रायटर' निवडा, म्हणजे शॉर्टकट फक्त रायटरपुरता राहील.
३. यादीतून रिकामी की निवडा. कंट्रोल-१ ते कंट्रोल-५ हेडिंगसाठी आधीच वापरात असतात. करड्या रंगातल्या की बदलता येत नाहीत.
४. कॅटेगरीत खाली 'स्टाईल्स' मध्ये पॅराग्राफ उघडून 'उर्दू प्रश्न' निवडा.
५. 'असाइन' दाबा (काही आवृत्त्यांत 'मॉडिफाय'), मग ओके. मराठीसाठीही असंच करा.

आता एक की दाबली की फॉन्ट आणि दिशा दोन्ही एकदम बदलतात. कीबोर्डची भाषा मात्र वेगळी बदलावी लागते. विंडोजमध्ये त्यासाठी विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबा.

काय टाळावं

कॉपी, पेस्ट, सेव्ह, अनडू यांच्या कीला हात लावू नका, बोटांची सवय मोडते. कंट्रोल-ऑल्टसोबत अक्षर घेणंही टाळा. विंडोजमध्ये ही जोडी उजव्या ऑल्टसारखी चालते आणि काही उर्दू कीबोर्डवर तिने वेगळंच चिन्ह उमटतं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर

त्याच टॅबमधल्या 'सेव्ह' ने शॉर्टकटची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर 'लोड' करा. स्टाईल या फाइलमध्ये येत नाहीत, म्हणून त्या असलेला कोरा नमुना कागदही सोबत ठेवा. काही बिघडलं तर 'रीसेट' आहेच.

सुरुवातीला दोन-तीनच शॉर्टकट बनवा. हात बसला की मग वाढवा.