मुंबईतील बेने इस्राएल समाजाच्या सेवासंस्था

मुंबईतील मराठीभाषिक बेने इस्राएल समाजाच्या सेवाकार्याचा विचार करताना दाता आणि याचक हा सोपा भेद अपुरा पडतो. कंपनीच्या सैन्यातील समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात प्रार्थनामंदिर उभारले; कोकणातून आलेल्या कुटुंबांना त्यामुळे एकत्र येण्याचे स्थान लाभले. पुढे बगदादी यहुदी व्यापारी मुंबईत आले. धर्म एकच, तथापि १८३६ साली त्यांनी दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली इस्राएली शाळा सुरू केली. तेथे हिब्रूचेही अध्यापन होई. कालांतराने ती सर एली कदूरी या बगदादी दात्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या वर्गाने भिंत मागितली त्याच वर्गातून देणगी आली, ही गोष्ट लक्षणीय होय. मात्र ती आली तेव्हा समाजाची संस्था आधीच उभी होती. स्त्रियांनी आपल्या संस्थेस ‘स्त्रीमंडळ’ हे मराठी नाव दिले, तेही याच वृत्तीचे द्योतक.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. माझगावच्या त्या शाळेत आज प्रामुख्याने मुसलमान मुले शिकतात. समाजाने स्वतःसाठी उभारलेली संस्था अशा रीतीने शेजाऱ्यांची झाली.