व्हिस्कीचं कूळ

रूबी भाषेत वेबसाइट लिहिणाऱ्याने ब्राउझरकडून आलेली विनंती उघडली, की आत ‘रिक्वेस्ट_मेथड’, ‘पाथ_इन्फो’, ‘क्वेरी_स्ट्रिंग’ अशी नावं दिसतात. मूळ रोमनमध्ये सगळी कॅपिटल, मधे अधोरेषा. ही रूबीची धाटणी नव्हे. पर्लवाल्याच्या हातातही हीच नावं पडतात. दोघांना ती पायथॉनकडून मिळाली, आणि पायथॉनलाही ती वारशानेच आली होती.

मूळ पुरुष सीजीआय. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात 1993 साली तो जन्मला. सर्व्हरने विनंतीचा तपशील युनिक्सच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरायचा आणि प्रोग्राम सुरू करायचा, एवढाच करार. त्या व्हेरिएबलच्या नावात हायफन चालत नाही, म्हणून ‘यूजर-एजंट’चं ‘एचटीटीपी_यूजर_एजंट’ झालं. ‘रेफरर’च्या रोमन स्पेलिंगमधला एक ‘आर’ एचटीटीपीतच गळला होता. तोही तसाच गळका पुढे गेला. आजही गळकाच आहे.

पायथॉनची अडचण निराळी. झोप (होय, नाव असंच), क्विक्सोट, वेबवेअर, ट्विस्टेड अशा फ्रेमवर्क उदंड. पण एक निवडली की सर्व्हर कोणता हेही बरंचसं ठरून जाई. जावाकडे सर्व्हलेट हा सामाईक करार होता, तिथे ही कटकट नव्हती. डिसेंबर 2003 मध्ये फिलिप जे. एबी यांनी पीईपी 333 हा मसुदा मांडला: डब्ल्यूएसजीआय, बोलीत ‘व्हिस्की’. सर्व्हरने अ‍ॅप्लिकेशनला दोन गोष्टी द्यायच्या. एक, सीजीआयच्या नावांची डिक्शनरी. दुसरी, ‘स्टार्ट_रिस्पॉन्स’ नावाचं फंक्शन. त्याला स्टेटस आणि हेडर सांगायचे. त्यातून पुन्हा एक ‘राइट’ फंक्शन हाती येई. हे शेपूट जुन्या फ्रेमवर्कच्या भिडेखातर जोडलेलं. नव्यांनी ते वापरू नये, असं मसुदाच बजावतो.

2007 मध्ये लिया नॉयकिर्शेन यांनी व्हिस्कीचा हा करार रूबीत आणला, नाव रॅक. रूबीला जुन्यांची भीड नव्हती. ‘स्टार्ट_रिस्पॉन्स’ गेलं, स्टेटस, हेडर आणि मजकूर असा तिघांचा अ‍ॅरे परत करा, संपलं. डिक्शनरी मात्र जशीच्या तशी उचलली. म्हणजे अर्धं भाषांतर, अर्धं लिप्यंतर.

2009 मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी पर्लसाठी पीएसजीआय लिहिलं, तेही रॅकच्याच वळणाचं. पण उत्तर सावकाश, तुकड्यातुकड्याने पाठवायचं असेल तर? तिघांचा अ‍ॅरे एकदम कुठून आणणार? म्हणून एक सोय केली: अ‍ॅप्लिकेशनने फंक्शन परत करायचं, त्याला ‘रिस्पॉन्डर’ मिळेल, त्याला स्टेटस आणि हेडर सांगितले की ‘राइट’ करता येईल अशी वस्तू हाती येईल. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला आणि पाटावर बसला! एबींचं ते शेपूट निव्वळ भिडेचं नव्हतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

पुरतं भाषांतर केलं ते क्लोजर भाषेच्या रिंगने. तिथे नावं लहान अक्षरांत, हायफनसकट, क्लोजरच्या बोलीत.

आता आपल्या घरचं. पायथॉन 3 मध्ये स्ट्रिंग युनिकोड झाली आणि करार पुन्हा लिहावा लागला: पीईपी 3333, साल 2010. डिक्शनरीतला मजकूर स्ट्रिंगच राहील, पण त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक बाइट, लॅटिन-1 प्रमाणे वाचलेला. पत्त्यात ‘मराठी’ लिहिलं तर युनिकोडची 5 चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये त्यांचे 15 बाइट. म्हणून ‘पाथ_इन्फो’त 15 अगम्य युरोपी चिन्हं. जँगो ही फ्रेमवर्क ती मुकाट्याने निस्तरते. फ्रेमवर्कशिवाय थेट व्हिस्कीवर लिहायला बसलात, तर ‘पाथ_इन्फो’चे आधी लॅटिन-1 ने बाइट करा, मग ते यूटीएफ-8 ने वाचा.