आखूड पण जाड फांदी

संभाव्यतेच्या धड्यात फळ्यावर जे झाड काढतात ते आडवं वाढतं. मूळ डावीकडे, पानं उजवीकडे. नाणं दोनदा उडवलं की चार पानं, तीनदा उडवलं की आठ. हे आठ आपल्या ओळखीचे आहेत. तीन अक्षरांचे लघु-गुरू मांडले की आठच गण होतात, आणि तो प्रस्तार मांडायची रीत पिंगलाने फार पूर्वी सांगून ठेवली आहे. पण गण मोजताना फांदीला वजन लागत नाही. ते लागलं जुगारात.

1654 साली पास्कल आणि फर्मा यांची पत्रापत्री चालली होती, ती अर्धवट मोडलेल्या डावावरून. एकाला जिंकायला दोन बाज्या हव्यात, दुसऱ्याला तीन. खेळ इथेच थांबला तर पैसे कसे वाटायचे? फर्माचं म्हणणं, चार बाज्यांत निकाल लागणारच, तेव्हा चारही खेळल्या असं धरा. शक्यता 16, 11 पहिल्याच्या, 5 दुसऱ्याच्या. पास्कलने हे रोबेर्वाल या गणितज्ञाला सांगितलं, तर तो अडून बसला. पहिल्याने लागोपाठ दोन बाज्या मारल्या की डाव संपला, उरलेल्या दोन खेळणार कोण?

शंका अडाण्याची नव्हती. बरोबर शंभर वर्षांनी, 1754 मध्ये, दालांबेरसारखा गणिती फ्रेंच विश्वकोशात तिथेच घसरला. दोन फेकींत एकदा तरी छापा पडायची शक्यता किती? पहिल्यालाच छापा पडला तर दुसरी फेक नकोच. म्हणून प्रकार तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. त्याचं उत्तर 2/3.

कागदावर झाड काढून फांद्यांवर वजनं लिहिली की चूक दिसते. पहिली फांदी आखूड आहे, पण जाड. अर्धं झाड तिच्यातच आहे. बाकी दोघींच्या वाट्याला पाव-पाव. 1/2 आणि 1/4 मिळून 3/4. रोबेर्वालच्या म्हणण्याप्रमाणे डाव वेळीच थांबवला तर 16 ऐवजी 10 पानं उरतात, सहा पहिल्याची, चार दुसऱ्याची. वजनं घाला, पुन्हा 11 ला 5!

असं झाड तोवर कुणी काढलंच नव्हतं असं नाही. 1657 मध्ये या गणितावर पहिली छापील पुस्तिका लिहिणाऱ्या हायगेन्सने 1676 च्या एका टिपणात ते काढलं होतं. संभाव्यतेचं सर्वांत जुनं झाड तेच मानतात. टिपण मात्र त्याच्या कागदांतच पडून राहिलं. छापून आलं ते 1920 मध्ये, समग्र ग्रंथांच्या चौदाव्या खंडात. दालांबेर घसरला तेव्हा ते झाड 78 वर्षांचं होतं.