फ्लॉपीचा डबा आणि आपले दप्तर

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे चेअरमनसाहेबांनी सांगितले तेव्हा मी आधी माळ्यावरचा बिस्किटांचा डबा खाली काढला. त्यात अकरा फ्लॉप्या आहेत. नातवाला दाखवल्या तर म्हणतो, "आजोबा, हे तर 'सेव्ह'चं चित्र!" साडेतीन इंची चौकोन, क्षमता १.४४ एमबी. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोही तीत मावणार नाही. पण आपल्या सोसायटीची पहिली काही वर्षे या डब्यातच होती.

मी बँकेतला माणूस. संगणकाशी माझी ओळख काही प्रेमाची नव्हती. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांमधून लेजर पोस्टिंगची मशिने आली. नोकऱ्या जाणार म्हणून आम्ही गेटवर घोषणा दिल्या, आणि नंतर त्याच मशीनवर रात्री आठपर्यंत बॅलन्स जुळवत बसलो. २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहिला मोठा खर्च केला तो असेंबल्ड कॉम्प्युटरचा. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ९८. सौ.चे म्हणणे, त्या पैशांत ओटा नवा झाला असता. (तो दहा वर्षांनी झाला.)

त्या वेळी मी सेक्रेटरी. सोसायटीची बिले, जमाखर्च, सभांची इतिवृत्ते सगळे घरी मराठीत टाइप करायचो. इंकजेटवर प्रिंट काढून इतिवृत्ताच्या वहीत चिकटवायचे, त्यावर बॉलपेनने सह्या घ्यायच्या. फार आधुनिक झालो असे वाटायचे.

त्या मराठीत एक गोम होती, ती मला बरीच उशिरा कळली. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्टचे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले होते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले आणि युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण घरोघरी आणि छापखान्यांत चालायचे ते वेगवेगळे फॉन्ट. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असत, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. प्रत्येक फॉन्टचा मुखवटा वेगळा. तो फॉन्ट गेला की "सर्वसाधारण सभा"च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग! माझ्या मशीनला व्हायरस लागला तेव्हा मी हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि फॉन्टही गेला. चूक माझीच. छापील वही होती, म्हणून काळजी वाटली नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला पूर आला आणि आपल्या पार्किंगमधल्या ऑफिसात कंबरभर पाणी शिरले. वह्या गच्चीवर पंख्याखाली वाळवल्या. आजही ते पान आठवते. इंकजेटची शाई पार वाहून गेलेली, पान निळसर, आणि खाली बॉलपेनच्या सात सह्या ठळक! सह्या होत्या, पण सही कशावर केली तेच नव्हते. नामनिर्देशनाच्या नोंदवहीचा तर लगदा झाला होता.

पुढच्याच वर्षी आपल्या एका सभासदांचे निधन झाले. फ्लॅट काकूंच्या नावे करायचा. नामनिर्देशन केल्याचे त्यांना पक्के आठवत होते, २००२ च्या कमिटी सभेत त्याची नोंदही झाली होती. पण घरची प्रत सापडेना आणि आमच्याकडे कोरे पान. काकू एकदाच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच लिहिलं होतं ना?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा सी-विंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा मदतीला आला. जुने कॉम्प्युटर उघडून जोडायचा त्याला नाद. त्याच्या खोलीत चालायला जागा नसे. त्याने जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, हेड स्पिरिटने पुसले. तीन फ्लॉप्यांना बुरशी होती. लिनक्सवर एकेक सेक्टर पुन्हापुन्हा वाचून त्याने दोन वाचवल्या. २००२ ची फाइल त्यांतलीच निघाली. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरे.

फॉन्ट काही मिळेना. मग आम्ही उलटे गेलो. माझ्याकडे त्या फाइलींपैकी एका बिलाची छापील प्रत होती. ती शेजारी ठेवून कुठल्या इंग्रजी अक्षराला कुठले मराठी, असा तक्ता मी वहीत केला, बँकेत रिकन्सिलिएशन करायचो तसाच. त्यावरून त्याने छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या झटक्यात "निधी"ची पहिली वेलांटी भलत्याच जागी पडली. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवतात. रफाराचे नेमके उलटे, म्हणून "कर्ज"ही बिघडले. "दुसऱ्या मजल्यावरील"मधल्या ऱ्याने तर दोन संध्याकाळी खाल्ल्या. तिसऱ्या आठवड्यात ठराव क्रमांक चार पडद्यावर आला. काकूंचे नाव त्यात होते.

नुसत्या प्रिंटला अर्थात किंमत नव्हती. सही केलेल्या सातांपैकी पाच जण इथेच राहत होते. त्यांना बोलावून सह्यांचे पान आणि मजकूर समोर ठेवला. सभेने खात्री करून नवे इतिवृत्त कायम केले. काकू अजून त्याच घरात आहेत.

त्यानंतर त्या मुलाने एका जुन्या कॅबिनेटमध्ये ८० जीबीच्या दोन हार्ड डिस्क बसवून दिल्या. एकीवर लिहिले की दुसरीवर आपोआप उतरते. मी खूश झालो, तर तो म्हणाला, "काका, हा बॅकअप नाही. इथून फाइल डिलीट केली की तिथूनही जाते." बँकेत आम्ही बॅकअपची प्रत दुसऱ्या शाखेत पाठवत असू, ते आठवले. आता तिसरी प्रत माझ्या मुलीकडे पुण्याला असते, दर दिवाळीला बदलतो. कॅबिनेट दोनदा बदलले. तो मुलगा आता बंगळुरूला असतो.

बुरशीतून न वाचलेली तिसरी फ्लॉपी मात्र २००१ ची होती. त्या वर्षीच्या दोन सभांची इतिवृत्ते अजून नाहीत. कुणाच्या कपाटात नोटीस, परिपत्रक, झेरॉक्स काहीही असले तर ए-विंग, पहिला मजला, माझ्याकडे आणून द्यावे. चहा मिळेल.