झाकण आधी की नंतर?

नाशिकहून मुंबईकडे निघाल्यावर पांडवलेणी ओलांडली की विल्होळीजवळ नाशिक महापालिकेचा खतप्रकल्प आहे. अशा जुन्या कचरा डेपोंवर सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या बसवून शहराची वीज तिथेच साठवावी, अशी कल्पना आता जगभर मांडली जाते. कल्पना चांगलीच आहे. पण कचऱ्याचा ढीग हा मुळातच एक ऊर्जासाठा असतो, हे त्या चर्चेत बहुधा राहून जाते. भाजीच्या देठांत आणि शिळ्या अन्नात वनस्पतींनी साठवलेले ऊनच असते. फक्त हा साठा गळका असतो.

ही गळती प्रथम अभ्यासली ती अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी. १७७६ साली इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून त्यांनी वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. तो वायू पेटत होता. हाच मिथेन. गंमत अशी की याच व्होल्टांनी १८०० साली विद्युतघट जगापुढे मांडला. ऊर्जा साठवण्याच्या दोन्ही वाटा अशा एकाच माणसापाशी येऊन मिळतात. पाठ्यपुस्तकांत मात्र दुसरीच तेवढी येते.

पहिल्या वाटेवर आपणही फार मागे नव्हतो. इंग्लंडमधील एक्झिटर शहरात १८९५ साली मैलाटाकीतील वायूवर दिवे लावले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयातील मैलाटाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय झाली आणि त्यावर इंजिन चालवले गेले, असा उल्लेख जैववायूच्या इतिहासात नेहमी आढळतो. समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांच्या वसाहतीत हे घडले, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. तिथे घाण कुजण्याआधीच तिच्यावर झाकण होते.

शहराने मात्र उलटा मार्ग धरला. बोरिवलीजवळ गोराई येथे खाडीकाठी १९७२पासून कचरा टाकला जाऊ लागला. रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००७च्या अखेरीस डेपो बंद झाला. तोपर्यंत सुमारे वीस हेक्टरांवर तेवीस लाख टनांहून अधिक कचरा साचला होता. मग त्याचे उतार सारखे केले गेले, वर प्लॅस्टिकचे जाड अस्तर आणि माती आली, हिरवळ लावली गेली आणि वायूसाठी आत विहिरी घेतल्या गेल्या. वायू हवेत न सोडता जाळायचा आणि त्याबद्दल कार्बन क्रेडिट मिळवायचे, अशी योजना होती. आशियाई विकास बँकेने त्यापोटी आगाऊ रक्कमही दिली. प्रत्यक्षात वायू अंदाजापेक्षा कमी निघाला.

यात नवल नाही. आपला कचरा ओला, हवा उष्ण. अशा कचऱ्यातला पालापाचोळा आणि अन्न काही वर्षांतच कुजून जाते. पस्तीस वर्षांनी झाकण घालेपर्यंत बराचसा मिथेन हवेत निघून गेलेला असतो. आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो.

उरलेल्या ढिगावर बॅटऱ्या ठेवण्यातही अडचण आहे. आतला कचरा कुजतो तशी जमीन वर्षानुवर्षे, आणि तीही असमान, खचत राहते. शिवाय हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. सौरपट्ट्या हलक्या असतात, त्या चालतात. जर्मनीत हॅम्बुर्गमधील गेऑर्गस्वेर्डर या जुन्या कचराडोंगरावर पवनचक्क्या, सौरपट्ट्या आणि वायूच्या विहिरी एकत्र नांदतात; पण त्याआधी विषारी झिरपा रोखण्यात कितीतरी वर्षे आणि पैसा गेला.

नाशिकने २०१७ साली पुन्हा माटुंग्याची वाट धरली. जर्मन सरकारच्या मदतीने खतप्रकल्पाच्या आवारात एक संयंत्र उभे राहिले. सार्वजनिक शौचालयांतील मैला आणि हॉटेलांतील ओला कचरा मिळून रोज तीस टन बंद टाकीत कुजवायचे आणि त्यातून सुमारे ३३०० युनिट वीज मिळवायची, अशी त्याची आखणी होती.

हा साठा किती मोठा, ते फळ्यावर मांडता येईल. एक घनमीटर जैववायूत साठ टक्के मिथेन धरला तर त्यात सहा युनिट उष्णता असते. इंजिन तिच्यातली एक तृतीयांश वीज करून देते, म्हणजे दोन युनिट. मोटारीची १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम अर्धा युनिट साठवते. म्हणजे एक घनमीटर वायू चार बॅटऱ्यांच्या बरोबरीचा. आणि तो दिवसा टाकीत राखून, सौरवीज थांबल्यावर संध्याकाळी वापरता येतो.

वर्गात बाटलीत भाजीची साले भरून तोंडाला फुगा लावला तर तो दोन-चार दिवसांत फुगू लागेल. पण त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असेल. मिथेन करणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात. विरजण म्हणून शेण घातले तरी काही आठवडे लागतात. फुगा पेटवून मात्र पाहू नये.