कुसुंब्याच्या धावपट्टीवर

१९७३. जळगावजवळ कुसुंब्याच्या शिवारात तुम्ही उभे आहात. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून अंगावर आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यानं केलेली धावपट्टी पायाखाली तापतेय. मुंबईला जायचं? मग स्टेशन गाठा आणि रात्रीची गाडी धरा. सुमारे ४२० किलोमीटर.

आता थेट २३ मार्च २०१२ ला या. टर्मिनलला नव्या रंगाचा वास आहे. १९६२ मध्ये जळगावनं ज्यांना पहिल्यांदा विधानसभेत धाडलं, त्या प्रतिभाताई पाटील आज राष्ट्रपती म्हणून विमानतळाचं उद्घाटन करताहेत. टाळ्या पडतात. तुमचाही ऊर भरून येतो. मग तुम्ही विचारता, ‘मुंबईचं विमान किती वाजता?’ त्याला अजून पावणेसहा वर्षं आहेत.

२३ डिसेंबर २०१७. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतलं एअर डेक्कनचं विमान, जेमतेम एकोणीस जणांचं. दोन्ही बाजूंना एकेकच आसन, त्यामुळे खिडकी सगळ्यांना. पंख्यांची घरघर कानात भरते. खाली केळीच्या बागांचे हिरवे चौकोन दिसू लागतात. शेजारचे काका हात जोडतात, तुम्ही काचेला नाक लावता. रात्रभराची वाट तासा-सव्वा तासावर आली!

पण ही सेवा टिकत नाही. १ सप्टेंबर २०१९ ला ट्रूजेट येतं, मध्येच टाळेबंदी लागते, २०२२ मध्ये तेही थांबतं. मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतलेल्या आजोबांनी, मुलाखतीला निघालेल्या पोरीनं कशाचा भरवसा धरायचा? खानदेशाला नुसती धावपट्टी देऊन भागत नाही. रोजचं, ठरल्या वेळेचं विमान हवं, आणि जागा रिकाम्या गेल्या तरी काही वर्षं ते चालवण्याची हमी सरकारनं घ्यायला हवी.

क्षणभर खानदेशातल्याच धुळ्याला, गोंदूरला चला. बॉम्बे फ्लाइंग क्लबची पोरं इथल्या धावपट्टीवर विमान उतरवायला शिकतात. इथे वैमानिक घडतात, पण धुळेकराला इथून मुंबईचं तिकीट काढता येत नाही. मला हे फार लागतं.

एप्रिल २०२४. पुन्हा कुसुंबा. फ्लाय ९१ चं एटीआर गोव्याहून येतं, हैदराबादशीही जळगाव जोडलं जातं. मे महिन्यात पुणं, जूनमध्ये अलायन्स एअरनं मुंबई. काउंटरपाशी रांग लागलीय. पुढच्या बाई तिकिटाचं नंतर बोलतात. आधी विचारतात, ‘दिवाळीतही चालू राहील ना?’