माईकची वायर: तिचा इतिहास आणि आपले हात



ग्रामसभा असो, गटाचा मेळावा असो की रेडिओवरचं भाषण, आता आपण माईक हातात घेऊन बोलतो. पण माईकची वायर बिघडली की सगळं थांबतं. कोणाचा तरी मुलगा गाडी काढतो, तालुक्याहून माणूस येतो, तोवर बायका चुळबुळत बसतात. खरं म्हणजे ही वायर आपल्याला निवडता येते आणि जोडताही येते. तिच्यातला एकेक भाग का आला, एवढं कळायला हवं. म्हणून आज आम्ही तिचा इतिहास सांगणार आहोत. त्या इतिहासात बायका जागोजागी भेटतात.

टोकाच्या पिनेपासून सुरुवात करू. अॅम्प्लिफायरमध्ये खुपसतो ती जाड, पाव इंची पिन, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. काही दुकानांत तिला पी-३८ म्हणतात. ही पिन गाण्या-भाषणासाठी जन्मलीच नव्हती, ती आली टेलिफोनमधून. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन गावी पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज उघडलं आणि १८८२ साली आपल्या मुंबईतही एक्स्चेंज आलं. तिथे भिंतीएवढी फळी असे. फळीवर प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक भोक. एकाला दुसऱ्याशी बोलायचं असलं की ऑपरेटर पिनेची वायर उचलून एक टोक या भोकात आणि दुसरं त्या भोकात घाली. भोकाला नाव पडलं ‘जॅक’. पिनेच्या अंगावर टोक, कडं आणि नळी असे वेगवेगळे भाग केले, म्हणजे एकाच पिनेतून दोन-तीन तारा जोडता येतात. थोडेफार बदल होऊन तीच पिन आज आपल्या हातात आहे.

सुरुवातीला या कामावर पोरगे ठेवले होते. ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत, आपसात मस्ती करत. मग १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टन शहरात एमा नट ही पहिली बाई ऑपरेटर झाली. तिच्यामागून हजारो आल्या. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याने २२३ बायकांना टेलिफोन जोडायला फ्रान्सला नेलं. लढाई संपल्यावर मात्र त्यांना सैनिक मानायला सरकार तयार नव्हतं. ती मान्यता यायला १९७७ साल उजाडलं, तोवर त्यांतल्या कितीतरी जणी गेल्या होत्या. एप्रिल १९१९ मध्ये बॉस्टन आणि आसपासच्या भागात ज्युलिया ओ’कॉनर यांच्या पुढाकाराने हजारो ऑपरेटर बायका संपावर गेल्या. आठवड्याच्या आत त्यांनी पगारवाढ मिळवली.

आता एक गोष्ट नीट ऐका. दिवसभर वायर बाईच्या हातात, पण तार ओढायची, जोडायची, दुरुस्त करायची नोकरी पुरुषाची. त्या कामाला पगारही जास्त. तिथली सगळ्यांत मोठी टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिने सरकारशी समझोता करून ही कामं बायकांना खुली केली, ती १९७३ साली. म्हणजे वायर वापरण्यापासून वायर जोडण्यापर्यंत यायला बायकांना जवळजवळ शंभर वर्षं लागली.

आता पिनेकडून वायरीकडे येऊ. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे, परतीचा रस्ता जमिनीतून. पुढे शहरांत विजेवरच्या ट्राम धावू लागल्या आणि टेलिफोनमध्ये घरघर सुरू झाली. त्यावर उपाय म्हणून दोन तारा आल्या, आणि त्या दोरी वळावी तशा एकमेकींना पीळ देऊन बसवल्या. या पिळाचं पेटंट बेल यांनीच १८८१ साली घेतलं. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा घेतं. आवाज हा फरक असतो, म्हणून तो पोचतो, आणि दोन्हींकडे सारखा असलेला गोंगाट गळून पडतो. माईकच्या चांगल्या वायरीत आजही पीळ दिलेल्या दोन तारा आणि वरून तांब्याची जाळी असते. जाळी बाहेरचा गोंगाट अडवून जमिनीकडे नेते.

रेडिओ आला तशी नवी टोकं आली. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने रेडिओला रेकॉर्डचं यंत्र जोडायला स्वस्त, लहान पिन काढली. टीव्हीच्या मागे लाल-पांढरी टोकं दिसतात, ती हीच. लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीने तीन काड्यांचं, खटका लागून घट्ट बसणारं टोक काढलं, ते एक्सएलआर. माईकवाले त्याला कॅनन पिन म्हणतात. ट्रान्झिस्टर आल्यावर जाड पिन आटून ३.५ मिलिमीटरची झाली. मोबाइलच्या हेडफोनला असते, ती ही.

मग निवडायचं कसं?

माईकमधून येणारी वीज अगदी अशक्त, व्होल्टचा काही हजारावा भाग. म्हणून माईकला पिळाच्या दोन तारा आणि जाळी असलेलीच वायर घ्या. अॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणारी वीज जोरकस असते. तिथे जाळी नको, पण तारा जाड हव्यात. माईकची बारीक वायर स्पीकरला लावली तर आवाज मरतो आणि वायर तापते. स्पीकरची वायर माईकला लावली तर घरघर येते. मोबाइलवरून गाणं लावायची वायर दोन-तीन मीटरपेक्षा लांब करू नका. तिच्यात पिळाच्या जोडीचा बचाव नसतो.

दुकानात टोक सोलून दाखवायला सांगा. आत एकच जाड तार असेल तर ती वाकून वाकून तुटते. बारीक तारांचा झुपका हवा. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार, ती घेऊ नका. विणलेली जाळी रोज गुंडाळायच्या वायरीला चांगली, चांदीसारख्या कागदाची भिंतीवर कायम बसवायच्या वायरीला. पिन धातूची, फिरवून उघडणारी आणि आत वायर आवळून धरणारी पट्टी असलेली घ्या. ओढ त्या पट्टीवर पडली पाहिजे, जोडावर नाही.

जोडकाम म्हणजे छोटी कल्हईच. तारेच्या टोकाला आधी सोल्डरचा पातळ थर द्यायचा, पिनेलाही द्यायचा, मग दोन्ही एकत्र तापवायचे. कल्हईवाला नवसागर वापरतो, तो इथे चालत नाही, तार गंजते. पोटात राळ असलेली सोल्डरची तार मिळते, ती आणा. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. म्हणून खिडकीपाशी बसा, मुलांना दूर ठेवा आणि काम झालं की हात साबणाने धुवा. कॅनन पिनेवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. जाळी १ ला, दोन तारा २ आणि ३ ला. दोन्ही टोकांना आकड्याला आकडा जुळवा. शेवटी मीटर ‘बीप’वर ठेवून तपासा: १ ला १ लावल्यावर वाजलं पाहिजे, १ ला २ लावल्यावर वाजता कामा नये. हे सगळं वायर यंत्रातून काढूनच करायचं. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला हे शिक्षण लागू नाही, तिथे वायरमनच हवा.

आपल्या देशात संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने मिळाली. २००८ साली तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. गावातल्या बायका माईकपाशीही बसल्या आणि यंत्रापाशीही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या पैशातून एक सोल्डरिंगची इस्त्री, एक मीटर, दहा मीटर माईकची वायर आणि पिनांची एक जोडी आणा. दोघी-दोघींनी मिळून आधी बिघडलेली जुनी वायर उघडा, कुठे तुटली ते मीटरने शोधा, आणि मग नवी जोडा. जोडणाऱ्या दोघींची नावं आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी वायरीला लावा. पुढे ती बिघडली तर कोणाला विचारायचं हे साऱ्यांना कळेल.